तळघरातला पाईप

ओल लागली हो, दुसरं काय. तळघरात पाईप फुटला. — नाही, ठेवू नका खाली, बघा निवांत, बघायचे काही पैसे घेत नाही मी. भिंग आणलंय तर वापरा. हे अख्खं खोकं डागाळलेल्या बिल्ल्यांचंच आहे, कुठलाही उचला, एका कॉफीच्या किमतीत देतो. चांगले तिकडे काचेत आहेत — चांगले म्हणजे उरलेले. सकाळपासून जो येतो त्याला हेच सांगतोय, पाईप फुटला, पाईप फुटला, आता एक पाटीच लिहून टेबलावर ठेवावी म्हणतो. म्हणजे ओरिन क्लिंगरचा घसा तरी वाचेल. ओरिन क्लिंगर म्हणजे मी. या हॉलात हे टेबल मी लावतोय ते त्या शेजारच्या टेबलावरच्या लेस्टरला डोक्यावर केस होते तेव्हापासून. उन्हाळ्यात इथं डुकरांचं प्रदर्शन असतं आणि मार्चमध्ये आमचं, निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांचं. वासात तसा फार फरक पडत नाही.

तो? तो ब्रायनचा. अठराशे शहाण्णवची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. उलटा करा, मागं कागद आहे बघा, बनवणाऱ्याचं नाव छापलेला — तो कागद शाबूत आहे, चेहरा मात्र गेला. आता हा असा बिल्ला, टाचणीचा, चकचकीत, पोत्यानं वाटता येईल असा, हा त्याच निवडणुकीत आला. आधी नव्हतं का काही? होतं की. वॉशिंग्टनच्या वेळेला लोक कोटाला पितळेच्या गुंड्या शिवून घ्यायचे, खरोखरच्या गुंड्या, कोट बंद करायच्या. लिंकनच्या वेळेला पत्र्यावर उतरवलेला एवढासा फोटो, फितीला लावायचा. पण हे वेगळं — खाली पत्र्याची वाटी, वर कागदावर छापलेला चेहरा, त्याच्यावर सेल्युलॉइडचा काचेसारखा पापुद्रा, आणि मागून एक कडं दाबून सगळं गच्च. स्वस्त. मग काय, तंबाखूच्या पुडीत बिल्ला, चुइंग गमच्या पाकिटात बिल्ला, ज्याला मत नाही त्याच्याही छातीवर बिल्ला. बायकांच्या तर कितीतरी. त्यांना मत द्यायला अजून चोवीस वर्षं होती, पण बिल्ला लावायला कोण अडवतंय?

ब्रायनच्या समोर मॅकिन्ली, आमचा, इथला, ओहायोतल्या कँटनचा — तो सोन्याच्या नाण्याच्या बाजूचा, म्हणजे बँकवाल्यांचा. ब्रायन चांदीच्या नाण्याच्या बाजूचा, म्हणजे शेतकऱ्यांचा, कर्जात बुडालेल्यांचा. आणि माझे आजोबा होते लोखंडाच्या कारखान्यात. तिथला मुकादम म्हणाला, ब्रायन निवडून आला तर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कामावर यायचे कष्ट घेऊ नका. तेव्हा बऱ्याच ठिकाणी असं म्हणायचे. आजोबांनी काय करावं? बिल्ला लावला — पण कोटाच्या कॉलरच्या आत. बाहेरून कोरी कॉलर, आत ब्रायन. रविवारी सासऱ्याकडे जेवायला जायचे, सासरा पक्का मॅकिन्लीवाला, तिथंही तसाच. आजी सांगायची, टाचणी मानेला टोचायची आजोबांच्या, पण ना बाहेर काढला, ना फेकला. तोच हा. तुमच्या हातात आहे तो.

खोक्यात का? अहो, कुठं ठेवू मग? मुलगी सिनसिनाटीला असते, तिला म्हटलं तुला पाठवतो, तर म्हणाली, बाबा, धूळ साचते त्याच्यावर. खरं आहे, साचते. कंटाळा आलाय हो मला आता. ही खोकी उचलायची, गाडीत भरायची, इथं उतरवायची, कोणीतरी पोरगा येऊन म्हणणार आजोबा, हे प्लॅस्टिक आहे का — जाऊ दे, तोही जाऊ दे. ज्याला हवा त्यानं न्यावा.

एक खरं सांगतो, डागापेक्षा वाईट गोष्टी आहेत या धंद्यात. नकली. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला पेट्रोल भरलं की फुकट बिल्ले द्यायचे, जुन्यांच्या हुबेहूब नकला. कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ही नक्कल आहे म्हणून. लोकांनी काय केलं? कानस घेतली, अक्षरं घासून काढली, कॉफीत बुडवून जुनं केलं आणि विकलं विधवांना. मी आधी कड बघतो, मग चेहरा. माणसाचंही तसंच झालंय माझं. घासलेली कड लगेच कळते मला. एकोणीसशे वीसच्या निवडणुकीतला कॉक्स आणि त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार रुझवेल्ट यांचा जोडीचा बिल्ला घेऊन लोक येतात — दोन चेहरे शेजारी शेजारी, तो फार दुर्मिळ, कॉक्सकडं पैसाच नव्हता प्रचाराला. समोर हार्डिंग, तोही ओहायोचाच. दोघं आमचेच, पण एकाच्या गाडीत बिल्ले आणि दुसऱ्याच्या खिशात हवा. दरवर्षी कोणीतरी आणतं, आजीच्या पेटीत सापडला म्हणून. मी हातात घेतो आणि त्यांना म्हणतो, छान आहे, सांभाळून ठेवा. पूर्वी तोंडावर सांगायचो नकली आहे म्हणून. आता नाही सांगत.

काय? — मखमल? मखमलीचं काय. या चौकटीतली मखमल, बिल्ले जिच्यावर टाचलेले होते ती, हो, मूळचीच आहे, मीच लावली होती. — डाग नाही तिच्यावर. बरोबर. — चौकटीचा पुठ्ठाही फुगलेला नाही. हं.

भिंग आणलंय म्हणजे तुम्ही भिंगवालेच निघालात. पाईपचं पाणी बिल्ल्यात शिरेल आणि मखमलीला शिवणार नाही, असं कसं, हेच ना? इतक्या लोकांनी बघितलं, कोणी विचारलं नाही. लेस्टरनं विचारलं नाही, आणि लेस्टर तर प्लंबर होता. बसा. ती खुर्ची ओढा. ही नाहीये आत्ता जवळ — आमची अर्लीन, बायको माझी, तिकडं खिडकीपाशी चर्चच्या बायकांना सँडविच बांधायला मदत करतेय. हळू बोला.

माझ्या हृदयाची झडप बदलली मागच्याच्या मागच्या वर्षी. छाती उघडली, आत हात घातले, पुन्हा शिवली. बरेच दिवस तिकडेच होतो. आणि ही घरी एकटी. आता आमच्या घरात नियम एकच, लग्न झाल्यापासूनचा — बिल्ल्यांना हात लावायचा नाही. मी तो कधी समजावून सांगितला नाही. नुसतं म्हणायचो, अर्लीन, हात नाही. आणि ही कशी? हिला रिकामं बसवत नाही. चर्चमधल्या कढया हिनं घासल्या की त्यात तोंड बघावं. तर ही बाई रोज इस्पितळातून घरी यायची, मी मरतोय की जगतोय तिला ठाऊक नाही, झोप नाही, आणि तळघराच्या भिंतीवर माझ्या चौकटी, त्यांच्यावर धूळ. तिनं काय केलं? सगळे बिल्ले उतरवले. स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये कोमट पाणी घेतलं, भांड्यांचा साबण घेतला, दात घासायचा जुना ब्रश घेतला, आणि एकेक, एकेक करून —

हं. चेहरा बघा तुमचा. आमच्यातलेच आहात तुम्ही.

मी घरी आलो तो उशी छातीशी धरून. खोकला आला की टाके ओढतात, म्हणून ती उशी देतात. आणि जेवायच्या टेबलावर सगळ्या चौकटी मांडलेल्या, प्रत्येक बिल्ला जागच्या जागी, लखलखीत. तसे ते मी विकत घेतले तेव्हाही नव्हते. ही उभी, हात पुसत. म्हणाली, ओरिन, तुला आता बघत पडायला बरं. आणि मला त्या क्षणी कळलं, सगळं संपलं. तुम्हाला माहीत आहे, बाहेरच्याला नाही माहीत — पाणी कडेतून आत गेलेलं असतं आणि बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. आठवडा जातो, महिना जातो. मग कडेला चहाच्या रंगाची एक रेघ येते आणि ती आत आत सरकत जाते. त्याला उपाय नाही. उघडावा तर पापुद्रा तडकतो. मी तिथं उभा, उशी धरून, समोर माझे चाळीस वर्षांचे शनिवार चमकतायत. मी म्हटलं, छान दिसतायत.

मग काय म्हणायला हवं होतं? सांगा ना. ओरडलो असतो तर बिल्ले वाळणार होते का? जिनं देवाकडं माझं आयुष्य मागत मागत ब्रश फिरवला, तिला सांगू की बाई, तू माझा सत्यानाश केलास? मी नाही सांगितलं. मला वाईट नाही वाटलं असं नाही. रात्री पडल्या पडल्या एकेकाची आठवण काढून रडलोय, म्हातारा माणूस. पण तिला नाही सांगितलं.

पानगळ सुरू झाली आणि रेघा आल्या. पहिल्यांदा तिलाच दिसल्या. ओरिन, हे काय आलंय याच्यावर? माझ्या तोंडून निघून गेलं — ओल. म्हटलं, तळघरातला पाईप ठिबकतोय वाटतं, भिंत ओली झाली असेल. चौकटी तळघरात होत्या तोवर, तिथंच माझी खोली. झालं. वाटलं, सुटलो. तर ही म्हणते, मग लेस्टरला फोन करते, तो बघेल. लेस्टरला! बरं, तो येणार तर बघायला काहीतरी हवं ना? आमच्या घरातले पाईप माझ्यापेक्षा ठणठणीत. मग ती किराणा आणायला गेली, आणि मी उतरलो खाली, छातीचे टाके सांभाळत, आणि फोडला पाईप. स्वतःच्या घराचा. पाणी अंगावर घेतलं थंडगार. लेस्टर आला, गुडघ्यावर बसला, म्हणाला, ओरिन, उभ्या आयुष्यात असा फुटलेला पाईप मी बघितला नाही. मी म्हटलं, जुनं घर आहे. त्यानं नवा बसवला, पैसे घेतले नाहीत, उलट आमच्या बिल्लेवाल्यांच्या क्लबातून वर्गणी काढून मला ओल शोषायचं यंत्र आणून दिलं. अजून घुं घुं करतंय तळघरात. कोरड्या तळघरात. त्याच्या विजेचं बिल भरतोय मी.

हसा, हसा. मीही हसतो कधी कधी. आमच्या घरात तसेही दोन पक्ष आहेत, मी एकीकडचा, ती दुसरीकडची. मतदानाला एकाच गाडीतून जातो, एकमेकांचं मत खोडतो, आणि येताना डोनट खातो. भांडायचं तेवढं भांडून घेतलं आम्ही जन्मभर. हे एक मला तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. म्हणून विकायला काढलंय सगळं. पाईपनंतर चौकटी वर आणल्या, तिथं भिंतीवर असले की ती येता जाता बघते त्यांच्याकडं. तिनं असं बघितलेलं मला बघवत नाही.

— काय म्हणालात? हातोडीनं, हो, हातोडीनंच, पाना कुठं सापडत होता तेव्हा —

थांबा. हातोडी मी म्हटलं नाही. मी फोडला म्हटलं. हातोडी तुम्ही म्हटलंत.

कोणी सांगितलं तुम्हाला? — खिडकीपाशी. कॉफी घेताना. निळ्या स्वेटरची बाई. म्हणजे अर्लीनच. — काय म्हणाली? नीट सांगा, शब्द गाळू नका. — किराण्याची सवलतीची कुपनं विसरली म्हणून परत आली होती. हं. — जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. ऐकत. — आणि मग? — मग जाऊन गाडीत बसली. आवाज थांबेपर्यंत. लेस्टरकडून कळलं तिला. पाईप फुटायच्या आधीच. धुतल्यावर काय होतं ते. लेस्टर गाढव. लेस्टरलाही माहीत. म्हणूनच पैसे घेतले नाहीत त्यानं. — आणि तुम्हाला काय म्हणाली? — पलीकडच्या टेबलावर माझा नवरा आहे, तो पाईप फुटला म्हणेल, तर तेवढी मान हलवा.

मान हलवा.

इतके दिवस. रोज सकाळी माझ्यासमोर बसून पावाला लोणी लावते, आणि म्हणते, मेला तो पाईप. म्हणते तसं. स्वतःहून काढते विषय. मला वाटायचं, बिचारी.

तिनं तुम्हाला का सांगितलं? मी का सांगितलं? तुम्ही परके, गाडीत बसाल आणि क्लीव्हलँडला जाल, म्हणून. ही बघा, निघाली तिकडून. दोन कप घेऊन येतेय, सांडतेय वाटभर. तो बिल्ला द्या इकडं. नाही, ब्रायनचा. नाही, तो नाही विकायचा. खोक्यात होता, चुकून होता. दुसरा घ्या कुठलाही, फुकट घ्या. माझ्या कॉलरला लावा बघू, मला मान वळवून दिसत नाही. — आतून. आतल्या बाजूनं. हं. टोचतोय खरंच.

ये गं. ठेव इथं. काही नाही, हे गृहस्थ विचारत होते, डाग कसले पडले म्हणून. मी सकाळपासून सांगून थकलो, आता तूच सांग त्यांना.

— ऐकलंत? पाईप. ती पण तेच म्हणते. या आता तुम्ही.