पेट्रोलात टाकलेला तुकडा

विमानाचं विचारलंत म्हणून सांगते. गोव्यात पार्से गावी आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी विमानाचा पंख बांधायला घेतला, तेव्हा डिचोलीचे मामा मला अडवायलाच आले. त्यांचं आयुष्य खनिजाच्या ट्रकांत गेलेलं. लोखंडापेक्षा हलक्या कशावर त्यांचा विश्वासच नाही.

पंखात भरायच्या फोमचे नमुने बघून ते म्हणाले, “बाय, ह्यां विमान आसा काय चवथीच्या गणपतीचां मखर?”

मी थर्माकोलचा तुकडा वाटीभर पेट्रोलात टाकला. बघता बघता तो विरघळला.

मामांनी टाळीच वाजवली. “गेलां तुझां विमान!”

“विमान नाही, थर्माकोल गेला. पंखातच पेट्रोलची टाकी असणार, म्हणून हा बाद.”

मग पीव्हीसी फोमचा तुकडा त्याच वाटीत टाकला आणि मामांना चहाला आत नेलं. चहा पिऊन आलो, तर तुकडा जसाच्या तसा. मामांनी अंगठ्याने दाबून बघितला. कडक.

“बरां. पण ह्याच्यातून उडतलो कोण?”

“मी.”

“घोवाक विचारलंस?”

“विचारलं ना नवऱ्याला. तो मागच्या सीटवर बसायला तयार आहे.”