हमद टाउनचा मान

...नाही, तुम्हीच सांगा, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटते, हातात पेप्सीचे कॅन, काखेत खुबूसचं, म्हणजे इथल्या रोट्यांचं, पाकीट, आणि गाडीतला माणूस आतला गारवा पळू नये म्हणून काच चार बोटं खाली करून म्हणतो, हा कॅन गार नाही, बदलून आण... याला मान म्हणतात? आमचे ताहिरचाचा म्हणतात. खुर्चीत बसून, एसीखाली, दात कोरत म्हणतात, 'झुबेर, छोट्या गावात माणसाला मान असतो.'

झुबेर म्हणजे मी. रत्नागिरीच्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षाला उठलेला, म्हणजे घरच्यांच्या हिशेबात कुठेही पाठवायला मोकळा. पाठवला बहरैनला, चाचांच्या कोल्ड स्टोअरवर. कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं वाण्याचं दुकान हो, थंड त्यात फक्त फ्रीज. मला वाटलं, बहरैन म्हणजे मनामा, बाजार, दिवे, माणसं... कसलं काय? विमानतळावरून गाडी जी निघाली ती मनामा मागे टाकून दक्षिणेला सुटली आणि हमद टाउनात येऊन थांबली. एक राउंडअबाउट, पुढे दुसरं राउंडअबाउट, मधे एकाच साच्यातून काढलेली घरं. पहिल्या आठवड्यात समोसे आणायला गेलो तर स्वतःचंच दुकान शोधत गोल गोल फिरत होतो, समोसे गार झाले, चाचा गरम.

आणि इथली पद्धत काय, तर गिऱ्हाईक दुकानात येत नाही. गाडी दारात लावतं आणि हॉर्न वाजवतं. पीं... की मी पळायचं, काचेशी वाकायचं, काय हवं ते ऐकायचं, आत पळायचं, सामान घेऊन परत पळायचं. एकाला तर फक्त काडेपेटी हवी होती. गाडी दारापासून एवढी जवळ की त्याने आळस दिला असता तरी हात फळीला लागला असता. पण नाही. पीं...

बरं, चाचा एकटे असते तर सोसलं असतं. दर जुम्याला नमाजनंतर यांची म्हातारी मंडळी जेवायला जमते, सगळे खेड-चिपळूण-दापोलीचे, आणि बिर्याणीवर हात मारत तेच गाणं. छोटं शहर पाहिजे, हवा मोकळी, भाडं कमी, स्वतःचा धंदा, कुणाची चाकरी नाही. यातला प्रत्येक जण जवानीपासून मनामाच्या एका खोलीत चौघांत राहतोय, दर वर्षी म्हणतो की आता गावाकडे दुकान टाकणार, आणि दर वर्षी सुटीवरून मुकाट परत येतो. यांची अक्कल मी ऐकायची! आणि स्वतःचा धंदा म्हणजे काय हो? लायसन्स एका बहरैनी शेजाऱ्याच्या नावावर, गाळा त्याच्या चुलत्याचा, फ्रीज पेप्सीवाल्यांचा. उरलो मी. त्या दुकानात चाचांच्या मालकीचं म्हणावं असं एवढंच.

आता माझं दुखणं ऐका. मनामात लतीफ म्हणून आमच्या बाजूचाच एक आहे, त्याचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा हात त्यात चांगला चालतो, कॉलेजात मी तेवढंच केलं. लतीफ म्हणाला, उद्या ये. तिथे गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येतं, बिघडलेला टेप आजारी पोरासारखा दोन्ही हातांत धरून येतं, आणि 'उस्ताद, बघा जरा' म्हणतं. उस्ताद! पण माझा व्हिसा चाचांच्या दुकानावर. ते सोडतील तेव्हा मी सुटणार. विचारलं, तर म्हणाले, दुकान विकलं की सोडतो.

होय, विकलं की. चाचांनाच मनामाला जायचं होतं! बाजारात खोली, खाली चहा, बोलायला माणसं. मी म्हटलं, चाचा, इथे एवढा मान असताना तुम्ही तिकडे का? तर म्हणे, मोठ्यांना उलट बोलू नये. उत्तर नसलं की यांची वयं आठवतात.

आणि गिऱ्हाईक मिळालं. हेमचंद्रसाहेब, मूळ पुण्याचे, मनामाच्या एका बँकेत अकाउंटंट. या सद्गृहस्थांनाही तोच रोग, दक्षिणेकडचं छोटं शहर, शांत, ओळखीची माणसं, स्वतःचा व्यवसाय. आधी सावंतवाडी ठरली होती म्हणे, पण बायको सुनंदाबाई म्हणाल्या, खुशाल जा, पत्र टाका. मग साहेब सावंतवाडीवरून हमद टाउनवर उतरले. बायको मिळते, दक्षिणही मिळते.

ते बघायला येणार त्या दिवशी चाचांनी मला बजावलं की आज हॉर्नला पळायचं नाही. मालकाला उन्हात पळावं लागतं असं साहेबांना दिसलं तर संपलं. आणि मी, ज्याला या मानाची शिसारी येते तो मी, इस्त्रीचा शर्ट घालून मान डोलावली. व्हिसा माणसाला काय काय करायला लावतो.

साहेब आले. टाय बांधून आले. सुनंदाबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. साहेबांनी फळ्या पाहिल्या, खोल श्वास घेतला, म्हणाले, वा, शांतता काय आहे इथे. पीं...

चाचांनी काचेकडे हात उंचावला, मंत्र्यासारखा.

'काय झालं?' साहेब.

'सलाम करतात, साहेब. जाता-येता करतात. छोट्या गावात माणसाला मान असतो.'

पीं... पीं... आणखी एक गाडी, तिच्यामागे आणखी एक. चाचा हात हलवतायत, हसतायत, साहेबही संकोचत हात हलवायला लागले. बाहेर लोक चिडून हॉर्नवर तळवा दाबतायत आणि आत हे दोघं सलाम स्वीकारतायत! मी अंड्यांच्या ट्रेमागे तोंड लपवून उभा. मग एक हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. साहेबांनी वाकून पाहिलं.

'ताहिरभाई, ही आमची सुनंदा आहे.'

चाचांची पापणी लवली नाही. 'बघा. अजून दुकान घेतलं नाही, तर सलाम घरातूनच सुरू झाला.'

साहेब बायकोला समजवायला बाहेर गेले. वाटेत एका जीपची काच खाली झाली, आतून हात आला, साहेब वाकले, ऐकलं, मान हलवली. मी म्हटलं, खलास. कळलं यांना. आता येऊन चाचांना चार शब्द सुनावणार, गाडीत बसणार, आणि त्यांच्याबरोबर माझा लतीफही जाणार...

साहेब आत आले. घामाघूम, टाय खांद्यावर. फ्रीज उघडला, दोन कॅन काढले, खुबूस उचललं आणि पळत बाहेर. मग दुसरी गाडी. मग तिसरी. मधेच डोकं घालून मला विचारतात, अंडी सुटी देतोस का रे? पुण्याचा डिग्रीवाला माणूस, लंगडत, हसत पळतोय! शेवटी तांदळाच्या गोणीवर बसले, गुडघा दाबत.

'ताहिरभाई, तो मला सदीक म्हणाला. सदीक म्हणजे मित्र ना? बँकेत आमचा मॅनेजर मला बोटाने बोलावतो.' टायने घाम पुसला. 'घेतलं दुकान.'

घ्या. मला किळस आली आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली. मनातल्या मनात मी बॅग भरली, लतीफच्या दुकानात स्टुलावर बसलो, पहिला टेप उघडलासुद्धा.

'फक्त एक,' साहेब म्हणाले, 'माझा गुडघा बघताय ना. रोज पळणं नाही जमणार. हा मुलगा राहील ना?'

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी फ्रीजकडे पाहिलं.

'राहील म्हणजे? तो दुकानाबरोबरच आहे.'

'चाचा, तुम्ही शब्द दिला होता.'

'अरे, मनामात तुला कोण ओळखतो?'

...तर आता चाचा मनामात चहा पितात, आणि जुम्याला नव्या पोरांना सांगतात की छोट्या गावात जा. हेमचंद्रसाहेब त्याच खुर्चीत, त्याच एसीखाली. बँकेतले जुने मित्र आले की सांगतात, स्वतःचा धंदा, मोकळी हवा, माणसाला मान असतो. सुनंदाबाई अजून गाडीतून उतरत नाहीत. कोथिंबीर हवी असली तरी...

पीं...

ऐकलंत? आता साहेब खुर्चीतून न हलता काय म्हणतील, तेही ऐका.

'झुबेर, तुझा सलाम आला बघ.'

...आलोच. गार कॅन नेतो आधीच, नाहीतर दोनदा मान घ्यावा लागतो.