शेजाऱ्याची बाटली आणि आमचं कोकम

अरे, इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत माझ्या हातून आंतरराष्ट्रीय भानगड झालीये, अजून विश्वास बसत नाही! आमचा शेजारी येन्स डेन्मार्कचा. दोघांच्या बॅकयार्डच्या मधे गवताची एक पट्टी आहे. एका सकाळी बघतो तर तिथे दारूची बाटली, बाजूला डेन्मार्कचा छोटा झेंडा. माझी बायको सोनाली खूश. "किती चांगला शेजारी!" बाटली आम्ही संपवली. पण रिकामी परत कशी द्यायची? तिने कोकम सरबत भरून तिथेच ठेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बाटली, पुन्हा झेंडा. आमचं पुन्हा कोकम.

शनिवारी येन्स दारात उभा, चेहरा गंभीर. "ठीक आहे, तुम्ही माघार घेणार नाही. अर्धी जागा तुमची."

मी हबकलोच. "कसली जागा?"

तर म्हणे, डेन्मार्क आणि कॅनडा एका ओसाड बेटासाठी कित्येक वर्षं असेच भांडले. जो जाईल तो आपला झेंडा लावायचा, बाटली ठेवून यायचा. शेवटी बेट वाटून घेतलं. म्हणजे ती बाटली भेट नव्हतीच, तो जागेवर हक्क सांगत होता! आणि आम्ही उलटा हक्क सांगत होतो, तोही सरबताने!

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात सोनाली आतून चिवड्याचा डबा घेऊन आली. "पहिल्यांदा घरी आलाय, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

येन्स दोन पावलं मागे सरकला. "आता हे कशासाठी? माझं गॅरेज?"