धागे कोणी पाहिले

ही जी पुठ्ठ्याची गाडी तुम्ही व्यासपीठावर शोभेला ठेवली आहे, तिच्यावरचे लाल धागे दोन्ही टोकांनी चिकटवले आहेत. मघापासून बघते आहे. कोणी चिकटवले ते सांगू नका, हौसेने केलं असेल. पण या मंडळात वीस वर्षं गाड्या होतात आणि एवढं कळू नये? धागा एकाच टोकाने चिकटवायचा असतो. दुसरं टोक मोकळं राहिलं, तरच वारा कुठे जातो ते कळतं. दोन्हीकडून दाबून टाकल्यावर तो काय सांगेल, कपाळ?

आता रीतीचं. सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, मंडळाचे सभासद, वर्कशॉपमधले फिटर, वेल्डर, रंगारी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले आणि नुसते चहाला आलेले, सगळ्यांना नमस्कार. आज माझ्या जावयांना तुम्ही निरोप देता आहात. पत्रिकेत माझ्यापुढे ‘दोन शब्द’ असं छापलंय. मी तिसरीपर्यंत शिकले, दोन म्हणजे किती ते मला येतं. पण आज जास्त होतील.

जावई बसची बॉडी बांधायचे. लग्न ठरवताना मी विचारलं, छंद काय? म्हणाले, ‘गाडी जोरात पळवायची.’ म्हटलं, पोलीस पकडतील. तर म्हणाले, ‘रस्त्यावर नाही, आई. कोरड्या पडलेल्या तळ्यात.’ मला वाटलं मुलगा जरा सरकलेला आहे. पण लेक म्हणाली, हाच.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. या शर्यतीत वळण नाही, शेजारी दुसरी गाडी नाही. एकट्या गाडीने सरळ रेषेत जीव खाऊन पळायचं आणि इतरांनी घड्याळ बघायचं. त्या वेगाला इंजिनापेक्षा वारा मोठा. मोठ्या लोकांकडे त्यासाठी वाऱ्याचा बोगदा असतो. गाडी आत उभी करायची, वारा सोडायचा, यंत्रं सगळं मोजून देतात. जावयांनी तसा बोगदा चार दिवस वापरायला मिळावा म्हणून दोनदा अर्ज केला. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, त्यात लिहिलं होतं की पहिला अर्ज मिळाला नाही.

मग बोगदा आमच्या जेवायच्या टेबलावर झाला. फ्रिजचं खोकं आडवं टाकलं, एका तोंडाला पंखा लावला. पंख्याचा वारा गिरक्या घेत येतो, तो सरळ करायला सरबताच्या नऊशे नळ्या खोक्याच्या तोंडात गच्च भरल्या. आत हातभर लाकडी गाडी. लेकीने विचारलं, ‘आता जेवायचं कुठे?’ जावई म्हणाले, ‘वाऱ्याच्या मागच्या बाजूला.’ तीन महिने आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवलो.

पण हातभर गाडीचं खरं मोठ्या गाडीला लागू पडेलच असं नाही, असं ते म्हणायचे. म्हणून मोठ्या गाडीला धागे. सबंध अंगावर बोटभर लांबीचे लाल धागे चिकटवायचे आणि ती अर्ध्या वेगाने पळवायची. शेजारच्या गाडीतून फोटो काढायचे, पोटाखाली एक छोटा कॅमेरा बांधायचा. धागा मागच्या बाजूला आडवा पडला असेल तर वारा गाडीला धरून चालला आहे. उभा राहिला, थरथरला, उलटा फिरला तर तिथे वारा गाडीला सोडून गेला किंवा तुंबला.

इथे माझा संबंध आला. पहिल्या वर्षी यांनी माझी स्वेटरची लोकर पळवली. सगळे धागे आडवे, जावई खूश. मी म्हटलं, अहो, चार पदरी लोकर आहे ती, स्वतःच्या वजनानेच पडेल. वाऱ्याचं कशाला नाव घेता? रात्रभर बसले नाही, दुपारी बसून पदर सोडवले आणि एकेरी धागे दिले. दुसऱ्या दिवशी अर्धे धागे उभे. जावयांचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून फोटो बघायचं काम माझ्याकडे आलं.

ते का आलं, ते नीट ऐका. जावयांचा नियम होता की गाडी बांधणाऱ्याने धागे बघायचे नाहीत. ‘माझी गाडी आहे, आई. मला सगळे आडवेच दिसणार.’ अठरा वर्षांत त्यांनी एकही फोटो माझ्याआधी पाहिला नाही. मी कितीदा टोमणे मारले, हात एवढे मोठे आणि डोळे असे कसे? ते हसायचे. मी सांगायची, डाव्या चाकामागे तीन उभे, आणि ते मुकाट्याने तिथे कानस घेऊन बसायचे.

गाडी चालवायचा माझा धाकटा. सहा फूट उंच, म्हणून सगळे त्याला चिमणा म्हणायचे. दिवसा पाण्याचा टँकर चालवायचा. गाडीची रुंदी त्याच्या खांद्यांवरून ठरली होती, माझ्या शिवणाच्या टेपने मोजून. दुसरा कोणी तिच्यात बसला तर सैल होतो. प्रत्येक वेळी पळवण्याआधी तो मला विचारायचा, ‘आई, आडवे आहेत का सगळे?’ मी हो म्हटलं की हेल्मेट घालायचा.

गेल्या वर्षी जावयांनी गाडीचं नाक दोन बोटं वर घेतलं. तळ्याचं मैदान खडबडीत होतं, खाली घासायला नको म्हणून. चुकलं असं नाही, ते बघण्यासाठीच तर धागे होते. त्याच आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. डाव्यात तर केव्हापासूनच धुकं. चिमणा फोटोंचं पाकीट घेऊन दवाखान्यात आला आणि चौतीस फोटो माझ्या पांघरुणावर मांडले. म्हणाला, ‘तुला दिसत नसेल तर भावोजींना दाखवतो. ते मैदानावर आहेत, दोन दिवस थांबू.’

मी म्हटलं, दाखव की. त्यांना काय दिसणार आहे?

आणि मी एकेक फोटो उचलला. खिडकीकडे धरला. नेहमी जेवढा वेळ धरते तेवढाच धरला. मला लाल रंग दिसत होता. धागे दिसत नव्हते. चौतीस वेळा धरला आणि चौतीस वेळा खाली ठेवला. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, आजींची नजर काय तीक्ष्ण आहे. ते मला बरं वाटलं.

चिमण्याने विचारलं, ‘आडवे आहेत का सगळे?’

मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी भर वेगात वाऱ्याने गाडीचं नाक उचललं. पुढचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. मी पाहिलं नाही. मला संध्याकाळी सांगितलं. मी चहा मागितला. त्यांनी आणून दिला, मी प्यायले. साखर कमी होती एवढं आठवतं.

मंडळाने चौकशी केली. याच हॉलमध्ये, हीच टेबलं, हेच पंखे. अध्यक्षमहाराज, तुम्ही याच खुर्चीवर होतात. तुम्ही विचारलंत, ‘शेवटचे धागे कोणी पाहिले?’ जावई उभे राहिले. म्हणाले, ‘मी.’ मी दुसऱ्या ओळीत बसले होते. अठरा वर्षांत ज्या माणसाने फोटोला हात लावला नाही, तो म्हणाला मी, आणि तुम्ही लिहून घेतलंत. तुमच्यातल्या एकालाही प्रश्न पडला नाही? जाऊ द्या. मला कुठे तोंड नव्हतं?

डॉक्टरांनी डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब घालायला सांगितले होते. लेक माझ्याशी बोलत नव्हती, भाऊ गेल्यापासून कोणाशीच बोलत नव्हती. थेंब जावयांनी घातले. चाळीस दिवस. डोकं मागे करा आई, वर बघा आई. मग नवा चष्मा आला, तशी मी पाकीट काढलं. पोटाखालचा फोटो, नाकाची डावी कड. सात धागे उभे. लहान पोरानेही मोजले असते. मी तो फोटो जावयांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पाहिला आणि पाकिटात परत घातला. म्हणाले, ‘दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं?’

मी रडले वगैरे नाही. अजून रडू आलेलं नाही. भाजी निवडते, लोकर गुंडाळते, दिवस जातो.

आता मघाशी वाचलेल्या मानपत्राबद्दल. छपाई सुंदर आहे. त्यात एक ओळ आहे, ‘रचनेत अनवधानाने राहिलेला एक दोष वगळता त्यांची कारकीर्द निष्कलंक आहे.’ हे वाक्य भिंतीवर टांगायला तुम्ही त्यांच्या हातात देणार? परवा ते माझ्या लेकीला घेऊन दुसऱ्या गावी बस बांधायला जाणार आहेत. गाडीला पुन्हा हात लावणार नाही म्हणतात. त्यांनी लावावा की नाही ते त्यांचं ते बघतील. पण ही ओळ त्यांच्या सामानात जाणार नाही.

आपण सगळे वेळ काढून आलात, मला बोलू दिलंत, मधे कोणी खोकून घड्याळ दाखवलं नाही, आभारी आहे. आचाऱ्याचेही आभार, जेवण थंड होत असेल. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. जे पोटात घालण्यासारखं नाही, ते घालू नका.

अध्यक्षमहाराज, तो फोटो मी तुमच्या टेबलावर ठेवते. सेक्रेटरींनी वही उघडावी. त्या दिवशीचा प्रश्न आत्ता, सगळ्यांसमोर, पुन्हा विचारा. आणि जावईबापू, तुम्ही जागचं उठायचं नाही, तोंड उघडायचं नाही. उत्तर मी देणार.