उजवी कूस

मामी : आधी चांगली बातमी ऐक. काल रात्री तुझे मामा उजव्या कुशीवर झोपले. घोरले पण छान.

मामा : असं काहीही घडलेलं नाही. तू बॅग ठेव आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बस. उंच करू का?

भाची : उजव्या? दुखऱ्या बाजूवर?

मामा : मी रात्रभर उताणा होतो. छताला विचार.

भाची : मामा, तुझी फिजिओथेरपिस्ट म्हणून मी काय सांगितलं होतं? खुब्याच्या हाडावर एक छोटी पिशवी असते, ती सुजलीय. मी सांगेपर्यंत तिच्यावर झोपायचं नाही.

मामा : आणि मी ऐकलं. म्हणूनच ते घडलेलं नाही.

मामी : तोंड माझ्याकडे होतं यांचं. मी डोळ्यांनी पाहिलं.

मामा : तुला आज शाळेची बस नाही का?

मामी : शाळेला सुट्टी आहे. साक्षीला आलेय.

मामा : बघ. बस चालवणारी बाई. हिला मागे काय घडलं तेच बघायची सवय.

भाची : थांबा दोघं. मला रागवायचंय, पण ते नंतर. सकाळी उठल्यावर दुखलं का?

मामा : घडलंच नाही ते दुखेल कसं?

भाची : समज, घडलं असतं तर?

मामा : तर दुखलं नसतं.

भाची : अजिबात?

मामा : जिना कठडा न धरता उतरलो असतो.

भाची : कमाल आहे. मागच्या खेपेला या खुर्चीभोवती फिरतानासुद्धा दातओठ खात होतास. उगाच नाही मी दुकान अर्धा दिवस चालवायला सांगितलं.

मामा : अर्धा दिवस दुकान म्हणजे कटिंगही अर्धीच. एकजण परवा डावी बाजू कापून गेलाय, उजवी घेऊन गावभर हिंडतोय. समोर नवं दुकान झालंय, तिथे एसी आहे. त्या उजव्या बाजूवर त्यांचा डोळा आहे. तू आज हो म्हणालीस तर संध्याकाळी उघडतो. नाही म्हणालीस तर महिन्याभरात ही खुर्ची विकावी लागेल, आणि मी तिच्यासोबतच जाईन, कारण आम्ही दोघं वेगळे होत नाही.

भाची : वजन?

मामा : जिथे होतं तिथेच. फार एकनिष्ठ आहे. कानात पाणी गेलं म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर ते म्हणाले वजन कमी करा.

भाची : कानाचं माहीत नाही, खुब्यावर भार येतो हे खरंय. पण वजन उतरेपर्यंत स्नायूंनी हातावर हात ठेवून बसायचं का? म्हणून तर व्यायाम दिला. करतोस ना?

मामा : रोज. दाढीला बसलेली माणसं फेस लावून मोजतात.

भाची : दाखव बरं.

(मामा आरशाखालची फळी धरून उभे राहतात आणि डावा पाय हळूहळू बाजूला उचलतात.)

भाची : हा कुठला पाय?

मामा : उजवा.

मामी : डावा.

मामा : तुझ्या व्हिडिओत हाच आहे.

भाची : व्हिडिओत मी उजवा उचललाय. तुझा गोंधळ होऊ नये म्हणून मुद्दाम पाठमोरी उभी राहिले, तोंडानेही 'उजवा' म्हटलंय!

मामा : आवाज बंद असतो. रेडिओ चालू असतो ना.

भाची : फोन कुठे ठेवतोस?

मामा : मागे बाकावर. आणि आरशात बघतो. अगं, सगळा जन्म मी माणसं आरशातच पाहिली. तुझ्या मामीकडे सरळ पाहिलं तर कुठेतरी ओळख झाली होती एवढंच आठवतं.

भाची : म्हणजे इतके दिवस व्यायाम चांगल्या पायाचा, आणि बरा झाला दुखरा?

मामी : डाव्याने उजव्याला निरोप दिला असेल.

भाची : नाही, थांब... मामा, परत उचल. आता फळी सोड. सगळं ओझं कुणावर आहे?

मामा : उजव्यावर. अरेच्चा.

भाची : कंबर कलू नये म्हणून उभ्या पायाचा खुबा धरून ठेवतो. सगळ्यात जास्त राबतो तोच! हा व्यायाम मी तुला पुढच्या टप्प्यात देणार होते. तू आधीच उरकलास. सुरुवातीला भयंकर दुखलं असणार.

मामा : तुझ्या नावाने ओरडायचो.

मामी : 'भाची! भाची!' गिऱ्हाइकांना वाटायचं ही नवी शिवी आहे.

भाची : बरं, संध्याकाळी उघड दुकान. पण उंच स्टूल घे, अधूनमधून टेक. एका पायावर रेलून कात्री चालवायची नाही. व्यायाम दोन्ही पायांचा. आणि फोन समोर ठेवायचा, मामा. समोर.

मामा : आणि ते रात्रीचं?

भाची : जे घडलं नाही ते?

मामा : तेच.

भाची : थोडा वेळ चालेल. गुडघ्यांमध्ये उशी घे. टोचलं की लगेच कूस बदलायची.

मामी : थोडा म्हणजे किती?

भाची : मामी, तुला एवढी कसली घाई?

मामी : पलंग भिंतीला लागून आहे. हे डावीकडे वळले की तोंड भिंतीकडे. इतके महिने दिवसभराचं सगळं हे भिंतीला सांगतायत. कुणाचे केस गळतायत, कुणाचं लग्न मोडलंय. मला पाठीतून निम्मं ऐकू येतं. भिंतीला आता मोहल्ल्यातलं माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

भाची : मग जागा बदला ना!

मामी : बदलली. पहाटे बस काढायला यांना ओलांडून जावं लागतं. मी गिर्यारोहण शिकलेली नाही.

मामा : शिखरालाही झोप असते.

भाची : मग काल तोंड तुझ्याकडे होतं तर काय काय सांगितलं त्याने?

मामी : काही नाही. वळले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'अरे, तू इथेच आहेस होय!' मग घोरायला लागले.

मामा : असं काहीही घडलेलं नाही.

भाची : बरं. थोडा वेळ मंजूर.

मामी : मग माझाही अर्ज घे लिहून. 'अर्जदार, म्हणजे सदर रुग्णाची पत्नी, नम्र विनंती करते की, रुग्णाचं तोंड यापुढे कायमस्वरूपी अर्जदाराकडे ठेवण्यात यावं. घोरणं मात्र पूर्वीप्रमाणे भिंतीकडेच वर्ग करण्यात यावं.'