साकव धड आहे

ओढ्यावरच्या ज्या साकवाची फळी मोडून माझा दादा वाहून गेला, त्यावरून तो बांधणाऱ्या बोर्डाचा एक तरी मेंबर कधी चालला होता का हो? मी हे सगळ्यांना विचारत सुटलो.

मग चौकशीला तीन मेंबर आमच्या गावी, कोंडाण्याला आले. काठावर आंब्याखाली बसले आणि त्यांनी लिहून टाकलं, ‘साकव धड आहे. मयताचा पाय घसरला.’ जेवण पलीकडे पाटलाच्या घरी होतं. तिघेही साकवाकडे बघत उभे राहिले.

थोरले मेंबर मला म्हणाले, “दणकट दिसतोस. आम्हाला पाठीवर घे नि पाण्यातून ने.”

“साकव धड हाय ना, रावसाहेब?”

“धडच आहे रे. पण मला बायकामुलं आहेत.”

“दादाला पन व्हती.”

मी तिघांना एकेक करून कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेलं. ते जेवायला बसले, तसे मी ओसरीवरचे त्यांचे जोडे उचलले, त्याच काठावर साकवाच्या तोंडाशी, टोकं फळ्यांकडे करून ओळीने मांडून ठेवले आणि पाण्यातून एकटाच घरी आलो.