काकूंचा डबा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, भिशीतल्या माझ्या मैत्रिणींनो आणि नुसत्या चहाला आलेल्या त्यांच्या नवऱ्यांनो,

भाषण लिहून आणलंय, पण वाचताना अडखळेन. सांभाळून घ्या.

आपल्या शिवणवाल्या काकू आज लेकीकडे कायमच्या निघाल्या. बावीस वर्षं त्यांनी ही भिशी चालवली. महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, काकूंनी डब्यातून चिठ्ठी काढायची, नाव निघेल तिनं रक्कम न्यायची. माझं इस्त्रीचं दुकान त्यातूनच उभं राहिलं. गाळा मिळत होता आणि नेमकी त्याच महिन्यात माझी चिठ्ठी निघाली! नशीबवान म्हणून केवढी मिरवले मी.

काल काकूंनी डबा माझ्या हवाली केला. आत मागच्या महिन्याच्या चिठ्ठ्या तशाच राहिलेल्या. तेव्हा भिशी फुलवालीला लागली होती, तिचा फ्रिज बंद पडला होता, आठवतंय? एकेक चिठ्ठी उघडली. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पण एकच नाव अकरा वेळा वाचायला कितीशी शाळा लागते?

काकू, मान खाली घालू नका. मी जाब विचारला तेव्हा काय म्हणालात? "अगं, अडचण काय चिठ्ठीची वाट बघत बसते? आता तू बघ. तोंडाची फटकळ आहेस, पण दुसरी आहे कोण?"

झालं! बेकरीवालीची भट्टी फुटलीय. माझ्या धाकट्या जावेला पिठाची गिरणी घ्यायचीय, आणि ती सकाळपासून माझ्याकडे बघून गोड हसतेय. कुणाचं नाव लिहू सगळ्या चिठ्ठ्यांवर? बावीस वर्षं झोप कशी लागली हो तुम्हाला?

मला नाही जमायचं. हा बघा डबा, रिकामा. जिला नड आहे तिनं उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी ठरवायचं. जाऊबाई, तूही सांग. रुसायचं असेल तर घरी गेल्यावर रुस. आणि काकू, हे तुमची गाडी सुटायच्या आत व्हायला हवं. पहिल्या खेपेला तरी तुम्ही समोर हव्यात. मला भीती वाटते.

पाहुण्यांचे, हॉल देणाऱ्यांचे आभार. तुमचं गुपित चारचौघांत फोडलं, काकू, त्याची माफी फक्त तुमच्याकडे मागते. बाकी कुणाला माझं बोलणं लागलं असेल, तर चहात साखर जास्त घालून घ्या.

अगं बेकरीवाले, बसून काय राहिलीस? ऊठ.